वच्छलानं न सांगितलेलं कारण

बाजेची दोरी ढिली पडली होती. निजलं की माणूस मधोमध खोलात जायचा, आणि सकाळी उठताना दुसऱ्यानं हात द्यावा लागायचा. दुपारची जेवणं झाल्यावर आम्ही बाज अंगणात लिंबाखाली आणली आणि पायथ्याची दोरी ताणायला बसलो. हे एकट्याचं काम नाही. एकानं ओढायचं, दुसऱ्यानं ओढलेली दोरी अंगठ्यानं दाबून धरायची, नाहीतर ओढलेलं सगळं परत जातं. मी ओढत होतो, वच्छला दाबून धरत होती.

पलीकडे मारोतीच्या घरात त्याची नात भांडी आपटत होती. दहावीतली पोरगी.

“मायवर राग काढून राह्यली,” मी म्हणालो.

“मायवर नाही. माय ऐकून राह्यली म्हणून आपटून राह्यली. माय वावरात असती तं भांडे गुमान घासले असते तिनं.”

“दोन्ही एकच झालं.”

“एक नाही. ओढा तुमी.”

मी ओढलं. मग विचारलं, “माह्यं सांगशीन का आता तरी?”

तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “ओढा,” म्हणाली.

माझं म्हणजे काय, ते सांगून टाकतो. मी कामाला होतो ते कापसाचं जिनिंग बंद होतं, त्या काळात मी तिला मारत होतो. पुढे थांबलो. पण का मारत होतो, हे मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. साऱ्या गावाच्या वागण्याची कारणं ती सांगत फिरायची. नवऱ्याचं तेवढं सांगत नव्हती.

वच्छला माझी बायको. सातवी शिकलेली, माझ्यापेक्षा तीन वर्गांनी जास्त. बुटकी, पण चालायची झपाझप. बाजाराला निघालो की मी मागे आणि ती पुढे, लोक हसायचे. गावच्या आरोग्य उपकेंद्रात ती अंशकालीन परिचर होती. म्हणजे झाडू मारायचा, पाणी भरायचं, लसीचा डबा वाहायचा आणि मीटिंग असली की चहा करायचा. कागदावर काम अर्ध्या वेळेचं होतं. डबा खांद्याला लावून पार तांड्यापर्यंत जायची, त्या अर्ध्या वेळेत ते कसं बसवायची ते तिलाच माहीत.

त्या वर्षांत प्रशिक्षणं फार व्हायची. कापसाचं वाईट चाललं होतं, म्हणून जिल्ह्यात कोण कोण येऊन जायचे. कोणी मन कसं सांभाळायचं ते सांगायचे, कोणी वयात आलेल्या पोरापोरींचं. आशाताई, अंगणवाडीच्या बाया समोर सतरंजीवर बसायच्या. वच्छला दाराशी, कारण तिला उठून चहा ठेवावा लागायचा. चहा नेहमी मध्यावर. त्यामुळे तिला प्रत्येक विषयाची सुरुवात माहीत, शेवट माहीत, मधलं सगळं चहात गेलेलं. मधलं ती आपल्या मनानं भरायची. तिचा बाप गावाची गुरं चारायचा, लहानपणी ती त्याच्यामागं रानोमाळ फिरलेली. म्हणून मधल्या भागात बहुतेक गुरंच यायची.

भांडण कुठंही असो, तिचे तीन प्रश्न ठरलेले. जेवला होता का? झोपला होता का? कोण पाहून राह्यलं होतं? एकदा आर्णीच्या स्टँडवर दोन ऑटोवाले एकमेकांच्या गळ्याला गेले. लोक सोडवायला धावले. ही मधे जाऊन विचारते, “सकाळपासून काही खाल्लं का तुमी?” एक जण म्हणाला, “मावशी, बाजूले हो, तुले लागन.” ती हटली नाही. शेवटी दुसरा म्हणाला, “नाही खाल्लं, काय करतं?” तिनं पिशवीतून आमची भाकर काढून त्याच्या हातात दिली. भाकर हातात घेऊन मारामारी करता येत नाही. आमची बस गेली, भाकरही गेली. मी बडबडलो तर म्हणाली, “पाहा, कारण सापडलं ना.”

स्वतःचं मात्र विचारायचं नाही. ती खर्रा खायची, सुपारी-तंबाखूची पुडी कमरेला खोचलेलीच. मी म्हणायचो, याचं कारण काय? म्हणायची, “हे व्यसन हाय. याले कारण कायले पाहिजे?”

एकदा बाहेरगावचे एक डॉक्टर आले. त्यांनी सांगितलं, वयात आलेल्या पोरांच्या डोक्यात जोर देणारा भाग लवकर तयार होतो. ही चहाला उठली. परत आली तेव्हा ते सांगत होते की डोक्याचा पुढचा भाग, जो माणसाला थांब म्हणतो, तो पंचविशीपर्यंत तयार होत राहतो. हिनं घरी येऊन मला सांगितलं, पोट्ट्यांचं डोकं समोरून पोकळ असते, अक्कलदाढेसारखा तो भाग मागून येते.

तेव्हा आमच्याकडची पोरं आर्णी रोडवर एका गाडीवर तिघं बसून, हात सोडून गाडी पळवायची. ही त्यांच्या बापांना सांगत सुटली की मारू नका, त्याचं समोरचं अजून आलं नाही. शाळेत गेली. मुख्याध्यापकांना म्हणाली, “सर, नववीच्या पोरांले उठाबशा देऊन फायदा नाही. समोरून रिकामे हायेत थे.” सर म्हणाले, “वच्छलाबाई, मग मी शाळा तरी कायले उघडू?”

महिनाभरानं उपकेंद्राच्या सिस्टरच्या कानावर हे गेलं. तिनं बसवून समजावलं की पोकळ काही नसतं, भाग जन्मापासून असतो, त्याची जोडणी कच्ची असते. झालं. ज्या ज्या घरी सांगितलं होतं त्या त्या घरी वच्छला परत गेली. दारात उभी राहून म्हणायची, “मागं मी सांगतलं थे चूक होतं. पोकळ नाही. भाग हाय, पण तार कच्ची हाय.” लोकांना पहिलंच आवडलं होतं. एक जण म्हणाला, “बाई, पहिलंच राहू द्या, थे समजत होतं.”

“समजते म्हणून खरं थोडीच असते,” ती म्हणाली आणि पुढच्या घरी गेली.

चूक मागे घ्यायला इतकं चालणारं दुसरं माणूस मी पाहिलं नाही. माणसं खरं सांगायलाही एवढी चालत नाहीत.

मग ते फवारणीचं वर्ष. कापसाची पऱ्हाटी डोक्यावर गेली होती, पंप पाठीवर घेऊन आत शिरलं की माणूस दिसायचा नाही. औषध पानावरून परत तोंडावर यायचं. गावोगाव लोक दवाखान्यात जाऊ लागले. जवान पोरं तोंडाला फडकं बांधायला तयार नव्हती. उघड्या अंगानं फवारायची, वर एकमेकांना हसायची. वच्छला दोन दिवस बांधावर बसून पाहत राहिली. मग म्हणाली, ही पोरं एकेकटी असली की फडकं बांधतात, चौघं झाली की सोडतात. ते बाहेरगावचे डॉक्टरही तेच सांगत होते की बरोबरीचे पाहत असले की या वयात भीती पळून जाते.

तिनं तोड काढली ती बापाच्या धंद्यातली. गोऱ्हा कामाला लावायचा असला की त्याला गोऱ्ह्याबरोबर जुंपत नाहीत, जुन्या बैलाबरोबर जुंपतात. तो त्याच्या चालीनं चालायला शिकतो. तसं प्रत्येक पोराबरोबर एक म्हातारा द्यायचा, असं तिनं तीन वावरवाल्यांच्या गळी उतरवलं. तांड्यावरचा सुनील, सतरा वर्षांचा, तो माझ्याबरोबर जुंपला. तो मला काका म्हणायचा आणि तिला याडी. त्यांच्या बोलीत आईला म्हणतात तसं.

सकाळी मी म्हणालो, फडकं बांध. त्यानं बांधलं. मीही बांधलं. दोन तास बरे गेले. मग ऊन चढलं, श्वास कोंडू लागला, मी बांधावर टेकलो. तो म्हणाला, “काका, दमले का? तुमी बसा, तुमची ओळ मी मारतो.” वाईट काही म्हणाला नव्हता. पण शेजारच्या वावरातले दोन गडी ऐकत होते. मी उठलो. फडकं सोडलं, सदरा काढला आणि त्याच्या पुढे ओळ काढली. त्यानं पाहिलं आणि त्यानंही फडकं सोडलं. दुपारपर्यंत आम्ही शर्यतीसारखे फवारत होतो. चार वाजता दोघांचे डोळे गळायला लागले, तोंडाला लाळ, पोटातलं सगळं बाहेर.

तालुक्याच्या दवाखान्यात दोन खाटा शेजारी शेजारी. दोघांना सलाईन. वच्छला मधे स्टुलावर बसलेली. मग सुनीलच्या आईला, कमळाबाईला, म्हणाली, “बाई, माह्या हातानं चूक झाली. गोऱ्ह्यासंगं जुना बैल जुंपला म्हणून मी निवांत होती. दोन्ही गोऱ्हेच निघाले.”

मी डोळे मिटून घेतले. सुनील हसला आणि त्याला परत उलटी झाली.

घरी आल्यावर तिनं ठरवलं की वयाचं तेवढं खरं नाही, कोण पाहतं ते खरं. परत तीन वावरवाल्यांकडे गेली आणि चूक सांगून आली. पुढे ज्या पोराची फवारणी असेल त्याची आई, नाहीतर बहीण, बांधावर पाण्याच्या ड्रमजवळ बसवायची, असं तिनं सुरू केलं. आईसमोर पोरगा फडकं सोडत नाही, सोडलं तर शिव्या खातो. माझ्यासाठी ती स्वतः येऊन बसायची. मला लाज वाटायची, पण फडकं राहायचं.

आता पुरुषांच्या मीटिंगचं. बायांना मारहाण फार होते म्हणून समाजमंदिरात फक्त गड्यांना बोलावलं होतं. बाहेरून आलेले एक साहेब बोलले. पुरुषाच्या रक्तात एक रस असतो, तो बाईत कमी, गड्यात जास्त. माणसाचा मान उतरला, कोणाशी चढाओढ लागली की तो उसळतो, असं त्यांनी सांगितलं. मग चहा आला. वच्छलानंच केलेला. त्या दिवशी उलटं झालं. चहा पिऊन गडी निघून गेले. शेवट ऐकायला साहेब, वच्छला आणि आम्ही पाचसहा म्हातारे. शेवटी साहेब म्हणाले होते की रस उसळला तरी हात कुठं जाईल ते माणूसच ठरवतो. पण तोवर अर्धं गाव पहिला अर्धा भाग घेऊन घरी गेलं होतं.

दोन दिवसांनी मारोतीनं बायकोला मारलं. वच्छला गेली, मी मागं होतो. तिनं तीन प्रश्न विचारले. जेवला होता, झोपला होता, कोणी पाहत नव्हतं. मारोती ओट्यावर बसून म्हणाला, “वहिनी, मी काय करू? थे साहेबच म्हणत होते. गड्याच्या रक्तात असते थे.”

“तलाठ्यानं तुले परवा तीन चकरा मारायले लावल्या ना?”

“लावल्या.”

“राग आला होता?”

“येणारच ना.”

“मंग त्याच्या टेबलापुढं काहून नाही उसळलं रक्त?”

मारोती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

“बैलाचं मी समजू शकते,” ती म्हणाली. “बैल उधळला का मालकालेही मारते, तलाठ्यालेही मारते. तुह्यं रक्त बरोबर माणूस पाहून उसळते. मंग थे एकटं रक्ताचं काम नाही.”

ती मारोतीशी बोलत होती. मी मागं उभा होतो. मलाही ते ऐकू येत होतं, आणि मला ते ऐकू येतं हे तिला माहीत होतं.

माझी गोष्ट त्याच्या बऱ्याच आधीची. मी जिनिंगमध्ये कापसाची गंजी लावायचो. पंचवीस हात उंच गंजी, वर उभं राहून पायानं कापूस दाबायचा. त्या कामाला मान होता. मग कापूस येईना, जिनिंगला कुलूप लागलं. मी घरी बसलो आणि वच्छला कामावर जायची. परत यायला उशीर झाला की मी मारायचो. लवकर आली तरी काही ना काही निघायचं. तिनं माहेरी काही सांगितलं नाही, गावात काही सांगितलं नाही. एक दिवस डबा उपकेंद्रात ठेवला आणि बोरी अरबला भावाकडे, नामदेवकडे निघून गेली.

महिन्यानं मी आणायला गेलो. म्हणालो, “जिनिंग बंद हाय, म्हणून डोकं फिरलं होतं.”

ती म्हणाली, “मंग जिनिंग सुरू होऊ द्या. मंग येईन.”

मी एकटा परत आलो. दोन महिन्यांनी पुन्हा गेलो. जिनिंग बंदच होतं. या खेपेला त्याचं नाव काढलं नाही. म्हणालो, “चाल. हात नाही लावणार.” ती आली. आणि मी लावला नाही. त्या हंगामात जिनिंग उघडलं नाही, पुढच्याही नाही.

मारोतीच्या घरून परतलो त्या दिवशी मी तिला म्हटलं, “माह्यंही तसंच असंल. मान उतरला होता माहा.”

“भावाच्या घरून मी परत आली तवा चढला होता का मान?”

“नाही.”

“जिनिंग उघडलं होतं का?”

“नाही.”

“मंग हात कसा काय थांबला?”

मी विचारलं, “मंग कारण काय होतं? तुले माहीत असंल.”

“मले माहीत हाय. सांगत नाही. तुमाले सापडलं का तुमी त्याच्यावर टेकून बसान.”

त्यानंतर कितीदा विचारलं असेल. चेष्टेत विचारलं, भांडणात विचारलं, ती तापानं पडली होती तेव्हा विचारलं. वयाचं होतं का? बापाकडून आलं होतं का? माझा बाप मारायचा मायला. ती म्हणायची, तुमचा भाऊही त्याच बापाचा, तो नाही मारत. एक एक दार तिनं बंद केलं. आत काय आहे ते दाखवलं नाही. मला वाटायचं, मरायच्या आधी सांगेल. मी आधी जाईन असं धरून चाललो होतो.

त्या दुपारी बाज ताणून झाली. तिनं हातानं दाबून पाहिली, म्हणाली, “आता वर्षभर पाहणं नाही.” मग तिथंच आडवी झाली. छातीत भरल्यासारखं होतं म्हणाली. मी विचारलं, काय होते? “गॅस असंल,” म्हणाली. ते कारण चूक निघालं, आणि परत येऊन दुरुस्त करायला ती राहिली नाही. गाडी पाठवून डॉक्टरांना आणेपर्यंत चार वाजले होते. डॉक्टरांनी पाहिलं आणि तिचा चष्मा काढून माझ्या हातात दिला. ती बाजेवर एका कुशीवर होती, गाल हातावर ठेवून, दुपारी निजायची तशी. तोंड थोडं उघडं. मला वाटत राहिलं की आता बोलेल.

नामदेव बोरीहून पोचला आणि दिवस मावळायच्या आत आम्ही तिला नेलं. तांडा सगळा आला होता. सुनीलनं खांदा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक बसायला आले. अंगणात सतरंजी टाकली होती. मारोती होता, मुख्याध्यापक होते, ते आता निवृत्त झालेत, चार शेजारी होते. नामदेव भिंतीला टेकून बसला होता. वच्छलाच्या गोष्टी निघाल्या. पोकळ डोक्याची निघाली, ऑटोवाल्याची निघाली, लोक थोडे हसलेही. मग मारोती म्हणाला, “साऱ्या गावाचे झगडे सोडवले वहिनीनं. या घरात मात्र कधी काम पडलं नाही. एक आवाज आला नाही कधी.” सगळ्यांनी माना हलवल्या.

मी म्हणालो, “पडलं होतं काम. मी मारत होतो तिले.”

मारोतीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “जिनिंग बंद होतं तवाचं असंल. थे दिवसच तसे होते, भाऊ. सगळ्यांचेच डोके फिरले होते.”

“जिनिंगचा काही संबंध नाही,” मी म्हणालो.

नामदेवनं भिंतीवरून पाठ काढली. “मले माहीत हाय सगळं,” म्हणाला. “आता कायले काढता जावई, जाऊ द्या.”

“तुले माहीत हाय, या लोकांले नाही,” मी म्हणालो. मग कोणत्या साली सुरू झालं, पहिल्यांदा कशावरून मारलं, कशानं मारलं, तिचं मनगट कसं सुजलं आणि ती त्याच हातानं डबा घेऊन कशी गेली, ते त्यांना पहिल्यापासून सांगितलं. मुख्याध्यापक मधे एकदा म्हणाले, पण का? मी म्हणालो, ते नाही सांगत, आणि पुढचं सांगू लागलो.